बंद पडलेल्या पेपर मिलचा इतिहास लिहायचाय? आधी स्टोअरचं खरेदी रजिस्टर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाण्याकाठची एक जुनी पल्प आणि पेपर मिल, आता बंद, तिचा इतिहास लिहायचाय. हाताशी उद्घाटनाचे फोटो आहेत, मालक कधी कधी बदलले त्या तारखा आहेत, जुन्या कामगारांच्या थोड्या आठवणी आहेत, पण त्यातून मिल नेमकी कशी चालली आणि आजूबाजूच्या पाण्याचं काय केलं हे काही कळत नाहीये, तर अजून कुठे बघावं.

मी सगळी नोकरी पल्प मिलमध्ये, म्हणजे कागदाचा लगदा करतात तिथे, केली आणि त्यातली बरीचशी रिकव्हरीला, म्हणजे लाकूड शिजवून उरलेलं काळं पाणी जिथे आटवून जाळतात त्या सेक्शनला, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येणार हे आधीच सांगून ठेवतो. मशीनचे फोटो नंतर बघा, आधी स्टोअरचं खरेदी रजिस्टर शोधा. मिलने किती कागद विकला हे सगळेच लिहितात, ते आकडे मालक स्वतःच छापून ठेवतो. तुम्ही बघायचं ते हे की ज्या वस्तू मिलच्या आत फिरत राहायला हव्या होत्या, संपायला नको होत्या, त्या तिने दरवर्षी किती परत परत विकत घेतल्या. विकत घेतलेली वस्तू कागदात गेली नाही आणि स्टोअरमध्येही उरली नाही तर ती कुठेतरी गेलीच ना, आणि पाण्याकाठच्या मिलला 'कुठेतरी' जायला वाटा फार नसतात, धुराडं, मागचा डंप आणि पाणी, बस.

आता मिल पाण्यावरच का असते ते पटकन सांगतो कारण त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. कागदाचं पहिलं चालतं मशीन १८०३ साली इंग्लंडमध्ये फ्रॉगमोर मिलला बसलं, फोर्ड्रिनिअर बंधूंचा पैसा आणि ब्रायन डॉन्किनचं इंजिनिअरिंग, मूळ कल्पना निकोला-लुई रोबेर या फ्रेंच माणसाची, त्याचं पेटंट १७९९ चं. तीही मिल गेड नदीवरच. तेव्हा कच्चा माल चिंध्या होत्या, लाकूड नंतर आलं, १८४० च्या दशकात केलरने जर्मनीत लाकूड दगडावर घासून लगदा करायची रीत काढली आणि मग मिल जंगलाच्या खालच्या अंगाला, नदीच्या तोंडाशी, खाडीवर सरकल्या कारण ओंडके पाण्यावरून तरंगत आणता येतात. शिवाय यंत्रं फिरवायला पाण्याचा जोर, तयार माल न्यायला जहाज, आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रोसेसचं पाणी. मशीनच्या हेडबॉक्समधून जाळीवर जे पडतं ना त्याला आम्ही स्टॉक म्हणतो पण त्यात तंतू जेमतेम अर्धा ते एक टक्का, बाकी सगळं पाणी. जुन्या मिलला टनामागे शंभर-दोनशे घनमीटर पाणी लागायचं, आणि जितकं आत घेतलं जवळजवळ तितकंच बाहेर.

हे झालं कागदाच्या बाजूचं. इतिहास दडलेला असतो तो पल्पच्या बाजूला, म्हणून तुमच्या मिलबद्दल पहिली गोष्ट ही नक्की करा की ती लाकूड शिजवायची कशात, सल्फाइटमध्ये की सल्फेटमध्ये म्हणजे क्राफ्टमध्ये. नावं सारखी वाटतात आणि निम्मे हौशी इतिहासकार इथेच घसरतात, पण दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सल्फाइट म्हणजे आम्ल, क्राफ्ट म्हणजे अल्कली. कागदपत्रं नसतील तरी पडीक जागेवरून ओळखता येतं. डायजेस्टरच्या, म्हणजे लाकूड शिजवायच्या भांड्याच्या, आतून आम्लाला टिकणाऱ्या विटांचं अस्तर असेल तर सल्फाइट, कारण नुसतं लोखंड त्या आम्लाने खाऊन टाकलं असतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला खाडीवर अशी एक मोठी मिल होती, १९६३ पासून जॉर्जिया-पॅसिफिककडे, २००७ ला तिचा शेवटचा टिश्यूचा भागही बंद झाला, आणि आता तिथल्या पार्कमध्ये एक भलामोठा लोखंडी गोळा ठेवलाय, काचेच्या बारीक मण्यांचा थर दिलेला, लाइट पडला की चमकतो. लोक त्यासमोर फोटो काढतात. आमच्यासारख्याला तो गोळा बघितल्या बघितल्या कळतं की ही सल्फाइट मिल होती, कारण तो आम्लाचा साठवणीचा प्रेशरचा गोळा आहे, क्राफ्ट मिलमध्ये असलं काही लागतच नाही. तिथे त्याला ॲसिड बॉलच म्हणतात. उलट जागेवर काळं पाणी जाळायच्या बॉयलरचा एक सात-आठ मजली सांगाडा, शेजारी आडवी लांबलचक फिरणारी चुन्याची भट्टी किंवा निदान तिचे दगडी पाय दिसले तर ती क्राफ्ट.

सल्फाइट असेल तर रजिस्टर वाचणं सोपं आहे आणि निकाल वाईट. ही रीत व्यवहारात प्रथम स्वीडनमध्ये बर्गविकला १८७४ साली चालली, कार्ल डॅनियल एकमनने चालवली. पुढे बहुतेक ठिकाणी गंधक जाळून तो धूर चुनखडी भरलेल्या उंच टॉवरमधून पाण्याबरोबर सोडायचे, त्यातून शिजवायचं आम्ल मिळायचं. शिजवून उरलेलं हे चुन्यावरचं पाणी, त्याला लिकर म्हणतात, परत मिळवता येत नव्हतं, आटवायला गेलं की नळ्यांवर पापुद्रे धरायचे आणि जाळून रसायन परत हातात यायचं नाही, म्हणून वर्षानुवर्षं ते सरळ पाण्यात सोडलं. शिजवताना लाकडाचा साधारण निम्मा भाग विरघळतो, म्हणजे एक टन पल्प केला की जवळपास एक टन विरघळलेलं लाकूड, लिग्निन (तंतूंना चिकटवून ठेवणारा लाकडातला भाग) आणि साखरा, नदीत. त्या साखरांवर बॅक्टेरिया तुटून पडतात, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात, विष लागतच नाही त्याला. आता रजिस्टरमध्ये गंधकाची खरेदी बघा. परत काही मिळवायची सोयच नव्हती म्हणजे आत आलेलं सगळं गंधक बाहेर गेलंय, थोडं वायू होऊन हवेत आणि बरंचसं लिकरबरोबर. गंधकाच्या वर्षाच्या पावत्यांची बेरीज म्हणजे पाण्यातल्या लिकरचा अंदाज, कुठल्या लॅब रिपोर्टची वाट बघायला नको. आणि एखाद्या वर्षी चुनखडीची खरेदी अचानक थांबून मॅग्नेशियम किंवा अमोनिया सुरू झालेला दिसला तर तिथे लाल पेनाने खूण करा, मिलने लिकर जाळायला घेतलं ते बहुधा तेव्हाच.

(एक आठवलं म्हणून सांगतो. त्या लिकरमधून माल काढणारेही होते. नॉर्वेत सार्प्सबोर्गला ग्लोमा नदीवर बोरेगार्डची मिल आहे ती अजून स्प्रूसच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन काढते. बेलिंगहॅमलाही चाळीसच्या दशकात लिकरमधल्या साखरेपासून अल्कोहोल काढायचा प्लांट लागला. म्हणजे 'तेव्हा दुसरा इलाजच नव्हता' असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका, इलाज होते, परवडतात की नाही हा वाद होता.)

क्राफ्टचं गणित जास्त मजेदार आहे आणि हा माझा प्रांत असल्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. १८७९ मध्ये डान्झिगला कार्ल डालने सोड्याच्या जुन्या रीतीत महाग सोड्याऐवजी सॉल्टकेक म्हणजे सोडियम सल्फेट वापरून बघितलं आणि पल्प अनपेक्षितपणे मजबूत निघाला, क्राफ्ट म्हणजे ताकद, जर्मन आणि स्वीडिश दोन्हीत. गंमत अशी की सॉल्टकेक स्वतः काही शिजवत नाही. तो ब्लॅक लिकरमध्ये, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या काळ्या पाण्यात, मिसळून भट्टीत जातो, तिथे खालच्या निखाऱ्यात त्यातला ऑक्सिजन काढून घेतला जातो आणि त्याचं सोडियम सल्फाइड होतं. भट्टीच्या तळाशी वितळलेला रस, त्याला स्मेल्ट म्हणतात, लाव्ह्यासारखा तोटीतून पाण्यात पडतो, त्याचं ग्रीन लिकर, त्यात कळीचा चुना घातला की व्हाइट लिकर, ते परत डायजेस्टरला. चुन्याचा झालेला गाळ चुन्याच्या भट्टीत भाजून परत चुना. गोल गोल गोल. १९३० च्या दशकात कॅनडात टॉमलिन्सनचा रिकव्हरी बॉयलर आला आणि हे चक्र नीट फिरायला लागलं, लिकरमधल्या लाकडाच्या आगीवर वाफही फुकट, म्हणून मग क्राफ्टने हळूहळू सल्फाइटला बाजूला सारलं.

आता विचार करा, सोडियम तर कागदात जात नाही, निदान जाऊ नये. चक्र पूर्ण बंद असतं तर सॉल्टकेक पहिल्यांदा भरला की पुन्हा घ्यायची गरज नाही. पण प्रत्येक मिल घेते, त्याला मेकअप म्हणतात, आणि टनामागे किती मेकअप लागला हा आकडा म्हणजे त्या मिलची कुंडली. जुन्या मिलमध्ये टनाला शंभर किलोच्या आसपास जाणं नवलाचं नव्हतं, चांगल्या नव्या मिलमध्ये तो दहा-वीस किलोवर येतो. मधला फरक वॉशरमध्ये नीट न धुतलेल्या पल्पबरोबर, गळक्या पंपांच्या ग्लँडमधून, ओव्हरफ्लो झालेल्या टाक्यांतून गेलेला असतो.

माझ्या तरुणपणची एक गोष्ट आहे. मिलचं नाव घेत नाही. नाइट शिफ्टला लिकर आटवायचा इव्हॅपोरेटर तुंबला, मागून वॉशर तर चालूच, वीक लिकरची, म्हणजे न आटवलेल्या पातळ लिकरची, टाकी भरत आली, पल्प मिल बंद करायची कोणाची हिंमत नव्हती कारण सकाळी प्रॉडक्शनचा आकडा विचारणार, मग फ्लोअर ड्रेनचं झाकण काढलं गेलं. सकाळी बाहेरच्या नाल्यावर खांद्याइतका तपकिरी फेस. लॉगबुकात मी लिहिलं 'लेव्हल नॉर्मल केली'. खोटं नव्हतं पण खरंही नव्हतं. तिकडे लॅबचं सँपल दुपारी घेतलं गेलं तोवर सगळं वाहून गेलेलं, रिपोर्ट स्वच्छ. पकडलं कोणी तर स्टोअरकीपरने. पुढच्या महिन्यात सॉल्टकेकचा इंडेंट, म्हणजे स्टोअरला द्यायचं मागणीपत्र, नेहमीपेक्षा बराच जास्त गेला तेव्हा तो माणूस इंडेंट हातात धरून म्हणाला, साहेब, हा माल तुम्ही खाता की काय? तेव्हापासून लॉगबुकावर माझा विश्वास कमी आणि इंडेंटवर जास्त, कारण लॉगबुक लिहिणाऱ्याला नोकरी सांभाळायची असते, इंडेंट लिहिणाऱ्याला माल हवा असतो.

पण इथे दोन ठिकाणी फसाल म्हणून सांगतो. एक, सगळा सोडियम पाण्यातच गेला असं धरू नका. धुराड्यावर प्रेसिपिटेटर, म्हणजे धुरातली धूळ पकडायचं यंत्र, बसायच्या आधी बराचसा सॉल्टकेक पांढरा धूर होऊन हवेत जायचा आणि आसपासच्या छपरांवर, गाड्यांवर बसायचा, जुन्या लोकांना विचारा, गाडीच्या रंगाच्या तक्रारी हमखास आठवतील. दोन, एखाद्या वर्षी सॉल्टकेकची खरेदी एकदम पडली तर मिल सुधारली असा निष्कर्ष लगेच काढू नका, त्याच सुमारास सोडियम क्लोरेट यायला लागलाय का बघा. क्लोरेटपासून पल्प पांढरा करायचा क्लोरिन डायऑक्साइड बनवताना सॉल्टकेक बायप्रॉडक्ट म्हणून निघतो आणि तो रिकव्हरीत ढकलता येतो, म्हणजे गळती तेवढीच राहिली तरी विकतचा माल कमी दिसतो. पण क्लोरेट दिसणं ही स्वतःच मोठी नोंद आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत ब्लीच करणाऱ्या मिलच्या खालच्या अंगाला माशांमध्ये डायॉक्सिन हे जहाल विष सापडलं, मूळ कारण साधा क्लोरिन वायू, त्यानंतर उद्योग क्लोरिन डायऑक्साइडकडे वळला आणि १९९८ च्या नियमांनी तिकडे ते जवळपास सक्तीचंच केलं. रजिस्टरमध्ये क्लोरिन खाली आणि क्लोरेट वर जाणारी रेघ कुठल्या साली एकमेकींना छेदते ते काढा, तुमच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण तिथे आहे.

आणि क्लोरिन विकत घेतलेला दिसतच नसेल, पण ब्लीच प्लांट होता हे पक्कं माहीत असेल, तर मात्र सावध व्हा. म्हणजे मिल बहुधा क्लोरिन स्वतः बनवत होती. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरिन आणि कॉस्टिक सोडा दोन्ही मिळतात, एक टन क्लोरिनमागे साधारण १.१ टन कॉस्टिक, आणि ब्लीचिंगला दोन्ही लागतात, त्यामुळे मिलच्या कुंपणातच असा प्लांट टाकणं मालकाला फार सोयीचं. साठच्या दशकात असे बरेच प्लांट पाऱ्याच्या सेलचे होते. पाण्यासारखा वाहणारा पाऱ्याचा पातळ थर, तो सोडियम उचलतो, पुढच्या भांड्यात पाण्याला देतो, कॉस्टिक होतं, पारा मोकळा होऊन परत पहिल्या भांड्यात. पारा या रिॲक्शनमध्ये खर्च होत नाही. शून्य. म्हणून सुरुवातीचा भरणा आणि नंतर वाढवलेले सेल वजा केले की रजिस्टरमधली पाऱ्याची प्रत्येक बाटली म्हणजे हरवलेला पारा. बाटली म्हणजे ७६ पौंडांची लोखंडी फ्लास्क, सुमारे साडेचौतीस किलो, सगळ्या जगात पारा याच मापात विकला जायचा, त्यामुळे नोंदीत नुसतं 'फ्लास्क १२' एवढं असलं तरी पुरे. हा सगळाच पाण्यात गेला असं नाही, काही हवेत, काही ब्राइनच्या म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गाळात, काही चक्क जमिनीच्या भेगांत, पण याच्यापेक्षा जास्त गेलेला नाही ही वरची मर्यादा तुम्हाला एका वहीतून मिळते.

कॅनडात ऑन्टॅरिओमधल्या ड्रायडनच्या मिलमध्ये हेच झालं. १९६२ ते १९७० मध्ये तिथल्या क्लोरिन प्लांटमधून सुमारे नऊ-दहा टन पारा वाबिगून नदीत गेला, नदी पुढे इंग्लिश नदीला मिळते आणि त्या पाण्यावर ग्रासी नॅरोज आणि व्हाइटडॉग इथले मूलनिवासी मासेमारीवर जगत होते. नॉर्वल्ड फिमराइट नावाच्या तरुण नॉर्वेजियन संशोधकाने माशांमधला पारा मोजला, १९७० ला सरकारने नदीत सोडणं बंद करवलं, मासेमारीही बंद झाली. एका झटक्यात अन्न आणि रोजगार दोन्ही गेले. पाऱ्याचे सेल मात्र १९७५ पर्यंत चालूच होते. बेलिंगहॅमलाही १९६५ ला असाच प्लांट आला आणि तिथल्या खाडीच्या गाळातल्या पाऱ्याचं निस्तरणं मिल बंद पडल्यावरही संपलं नाही. पाऱ्याची अजून एक वाट लोक विसरतात. मशीनवर जंतूंचा चिकट बुळबुळीत थर धरतो, स्लाइम, त्याने कागद फाटतो, ते मारायला साठच्या दशकापर्यंत पाऱ्याची औषधं सर्रास वापरायचे. म्हणजे क्लोरिन प्लांट नसलेल्या मिलमध्येही 'स्लाइमिसाइड' अशा साध्या नोंदीत पारा लपलेला असू शकतो, ब्रँडचं नाव असेल तर त्यात काय होतं ते शोधून काढा.

रजिस्टर दगा देतं असंही उदाहरण आहे, तेही द्यायला हवं. विस्कॉन्सिनमधली फॉक्स नदी, काठाला पेपर मिलची रांगच. १९५४ ते १९७१ तिथे कार्बनलेस कॉपी पेपर बनायचा, पावतीपुस्तकात कार्बन न घालता खालच्या पानावर उमटतं ते, त्याच्या शाईच्या सूक्ष्म कणांत पीसीबी असायचे, म्हणजे वर्षानुवर्षं न कुजणारी क्लोरिनयुक्त विषारी रसायनं. बनवणाऱ्यांच्या वहीत पीसीबी दिसेल. पण त्यांची कातरण, फेकलेले रोल रद्दी म्हणून दुसऱ्या मिलनी घेतले, शाई धुऊन पुन्हा लगदा केला आणि धुतलेलं सगळं नदीत. या मिलच्या वहीत काय दिसणार? 'पांढरी रद्दी, इतके टन'. त्या नदीतला गाळ उपसायचं काम २०२० पर्यंत चाललं. म्हणून रद्दीची नोंद दिसली की कोणाकडून घेतली ते नाव सोडू नका.

ट्रीटमेंट प्लांट आला म्हणजे गोष्ट सुखाने संपली असंही लिहू नका हं. रशियात बायकाल सरोवराच्या अगदी काठावर बायकाल्स्कची मिल १९६६ ला सुरू झाली, तिला त्या काळच्या मानाने भारी ट्रीटमेंट दिलेली. पाण्यातलं लिग्निन तुरटीच्या जातीच्या रसायनाने साकळवून खाली बसवायचे. मिल २०१३ ला बंद झाली आणि मागे खड्ड्यांमध्ये साठ लाख टनांच्या आसपास लिग्निनचा गाळ उरला, वर डोंगर, खाली सरोवर. जेवढं पाणी स्वच्छ केलं तेवढा गाळ वाढला, सरळ हिशोब. तुरटी कागदाच्या सायझिंगलाही, म्हणजे कागदावर शाई फुटू नये म्हणून करतात त्या प्रक्रियेलाही, लागते, रोझिन म्हणजे राळेबरोबर, तेव्हा तुरटीची खरेदी बघताना कागदाच्या टनाशी ताडून बघा, कागद तेवढाच आणि तुरटी दुप्पट झाली असेल तर एफ्लुएंट म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटला जातेय आणि मग तो गाळ कुठे टाकला हा पुढचा प्रश्न.

आता ही रजिस्टरं मिळणार कुठे. हेड ऑफिसच्या कागदांत क्वचित मिळतात, तिथे ताळेबंद असतात. मालकी बदलताना झालेल्या कोर्टकचेऱ्या, कर आणि जकातीच्या फाइली, फायर इन्शुरन्सचे नकाशे (त्यात प्रत्येक इमारतीत काय चालतं ते लिहिलेलं असतं, गंधकाचं गोदाम वेगळं दाखवलेलं असतं कारण ते पेटतं), आणि रिटायर झालेल्या स्टोअरकीपरचं घर. शेवटचं सगळ्यात भरवशाचं. मिल बंद होताना ऑफिसच्या फाइली ट्रकने जातात, स्टोअरच्या वह्या कोणी मागत नाही, मग तो माणूस त्या घरी नेतो.

वही हातात आली की पानं जपून उलटा, जुन्या मिल आपल्याच वह्या आपल्याच आम्लयुक्त कागदावर छापून घ्यायच्या, तो कडेने बिस्किटासारखा तुटतो. फोटो काढताना पानाची मागची बाजूही घ्या. पुढच्या बाजूला ऑडिटरसाठी शाईने लिहिलेलं असतं, मागे पेन्सिलीने 'रिकव्हरीला तातडीने, तिसऱ्यांदा' असलं काहीतरी असतं, आणि तारीख.